लाइन मोकळी ठेवा

आमच्या घरमालकांकडे रेडिओ होता, पण गाणी ऐकायला त्यांच्याकडे कुणी जात नसे. लायसन्सची फी ते दरवर्षी पोस्टात जाऊन वेळेवर भरत आणि घरी येऊन काटा नेमका दोन स्टेशनांच्या मधे आणून ठेवत. तिथे जी खरखर असते, मधेच बारीक शिट्टी वाजते, लांबून कुणीतरी न कळणाऱ्या भाषेत चार शब्द बोलून बुडून जातं, ते ऐकत बसत. चुकून एखादं स्टेशन लागलंच, तर पायाखाली विंचू निघाल्यासारखे दचकून काटा सरकवत. असा दुसरा माणूस अकोल्यात असेलही. मला तो भेटला नाही, याबद्दल मी देवाचे आभारच मानते.

गल्ली त्यांना तारबाबू म्हणायची. मूर्तिजापूरहून निघणाऱ्या छोट्या गाडीच्या लाइनवर, लहानसहान स्टेशनांत, त्यांनी जन्मभर तारेच्या यंत्रावर काम केलं होतं. पेन्शनीत निघाल्यावर जुन्या शहरातल्या वडिलांच्या घरात येऊन राहिले आणि मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने दिल्या. ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागेची. मी अमरावतीची, अकोल्यात मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते. आमच्या ह्यांची नोकरी फिरतीची, त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस ते दर्यापूर, नांदगावकडे. मला सोबत काय ती तारबाबूंची आणि त्यांच्या बायकोची. तिला मी काकू म्हणायची.

खोली बघायला मी पहिल्यांदा गेले आणि दार वाजवलं, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला. दार वाजवणारी बाई घाईत हाय, तिले म्हना थोडी बस, पानी पे. काकूंनी दार उघडलं. त्या ओशाळून म्हणाल्या की मनावर घेऊ नका, त्याईले सवयच हाय. पुढे मला कळलं की दारावरच्या थापेवरून ते माणूस ओळखत. पोस्टमन, दूधवाला, शेजारची उसनं मागणारी, सगळ्यांचा त्यांना आवाजावरून पत्ता. मी शाळेतून वैतागून आले की कडी वाजवल्याबरोबर आतून शेरा यायचा, "मास्तरीनबाई, आज कोनावर तरी बिनसलं तुमचं." आणि ते खरं असायचं, म्हणून जास्तच राग यायचा.

त्यांच्या भाषेत याला 'हात' म्हणत. तारेच्या यंत्रावर कट्ट कडकट्ट करून निरोप धाडायचा, तर अक्षरं सगळ्यांची सारखीच. पण प्रत्येकाचं बोट निराळं. कुणी अक्षर ओढतो, कुणी दोन शब्दांच्या मधे श्वास घेतो, कुणाला शेवटची टिचकी जरा जोरात मारायची खोड. समोरच्या टोकाला कोण बसलंय ते पहिल्या दोन अक्षरांत कळतं, असं ते सांगत. यवतमाळच्या टोकाला एक तारबाबू होते. त्यांचं आणि यांचं वर्षानुवर्षं तारेवर बोलणं चाले. तोंड मात्र एकमेकांचं कधी पाहिलं नाही. एक दिवस यवतमाळकडून निरोप सुरू झाला आणि हात निराळाच निघाला. यांनी विचारलं, तर तिकडून कळलं की जुने बाबू कालच गेले. हे सरळ घरी आले, विहिरीवर अंघोळ केली आणि सुतक धरलं.

काकूंना ही गोष्ट सांगायला फार आवडे. "ज्याचं तोंड नाई पायलं, त्याचं सुतक," त्या म्हणत, आणि पदर तोंडाला लावून हसत. हसण्यात थोडं कौतुक असे, थोडं दुसरंही काही असे. ते दुसरं काय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं असं नाही. मी काही वर्षांची संसारी, स्वतःच्याच तोऱ्यात.

अंगणाचा तर त्यांनी बाजा करून ठेवला होता. कडुनिंबापासून घराच्या आढ्यापर्यंत, तिथून मागच्या भिंतीतल्या खुंटीपर्यंत तारा ताणल्या होत्या. तारांच्या टोकांना घासलेटचे रिकामे डबे अडकवलेले. वैशाखात वारा सुटला की सगळं अंगण हुंकार द्यायला लागे. त्या घरातल्या पहिल्याच दुपारी मला वाटलं शेजारी कुणी कण्हतंय, म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन धावत बाहेर आले. तारबाबू खाटेवर डोळे मिटून बसले होते. त्यांनी एक बोट वर करून मला थांबवलं. "लाइन मोकळी ठेवा," म्हणाले. हे त्यांचं कायमचं वाक्य. कुणी फार बोलायला लागलं, भाजीवाली भाव सांगत बसली, की बोट वर. लाइन मोकळी ठेवा.

डब्यांच्या जोडीला कोपऱ्यात एक लहानसा रांजण होता. रेडिओचं तोंड ते रांजणाकडे करून ठेवत, म्हणजे मधली खरखर आत घुमून बाहेर येई. मग तारांचा हुंकार, रांजणातली खरखर, निंबावरच्या पाखरांचा कलकलाट आणि लांबच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा, यांची ते जुळवाजुळव करत. डबा इकडचा तिकडे, रांजण हातभर मागे, काटा केसभर पुढे. तासन् तास. मी एकदा विचारलं की यातून निघतं काय. ते म्हणाले, लोक बोलतात ती बातमी असते. बातमी आजची उद्या शिळी. बोलणं थांबल्यावर तारेत जे उरतं, ते कुणी ऐकत नाही. वीज, वारा, पाखरू, मानूस, समदे एकाच तारेवर हायेत, फक्त जो तो आपलंच वाजवून राह्यला. हे एकदा लोकांना बसवून ऐकवायचं, असं त्यांच्या मनात होतं.

त्यांच्या या नादाचा घरात एकच उपयोग होता. ढगाचा ठिपका नसताना रेडिओ कडकडायला लागला की ते ओरडत, मेळघाटात वीज पडून राह्यली. काकू मुकाट्याने उठून गच्चीवरच्या कुरड्या गोळा करत. गल्लीतल्या बाकी बायका हसत, आणि तिन्हीसांजेला त्यांच्या कुरड्या भिजत.

गल्लीने तक्रार केली की दुपारी या खरखरीने झोप लागत नाही. तेव्हापासून तारबाबूंनी रेल्वेच्या भंगारातून आणलेले हेडफोन लावायला सुरुवात केली. काकू त्यांना 'त्याईचे दुसरे कानं' म्हणायच्या. ते दुसरे कान चढवून तारबाबू निंबाखाली पाठमोरे बसले की जगबुडी झाली तरी हलत नसत. काकूंचा आवाज तिथवर जात नसे, गेला तरी कानांवर भोंगे. नवऱ्याचं नाव घ्यायची तर सोय नव्हती. म्हणून स्वयंपाक झाला की त्या भाकरी उलथायचा लोखंडी सराटा दाराच्या चौकटीवर वाजवत. दोनदा पटकन, जरा थांबून एकदा. वाट बघत. पुन्हा तसंच. मग ताट वाढून घेत, अंगण ओलांडून जात आणि त्यांच्या खांद्याला हात लावून ताट पुढ्यात ठेवत. सकाळ-संध्याकाळ हे ठरलेलं.

मी एकदा म्हटलं, काकू, त्यांना ऐकू येत नाही हे माहीत असून वाजवता कशाला? सरळ ताट घेऊन जात जा ना.

"आपून बलावलं पायजे, बाई," त्या म्हणाल्या. "आले नाई तं नाई आले. पन बलावल्याबिगर ताट नेलं, तं मंग कुत्र्यापुढं टाकल्यावानी होते."

तारबाबूंचा तो ऐकवण्याचा कार्यक्रम झाला एकदा. वाचनालयाच्या वार्षिक समारंभात चिटणिसांना काहीतरी नवं हवं होतं, आणि रेडिओ घेऊन तारबाबू येतात म्हणजे गाणी होतील, असा त्यांचा समज. तारबाबूंनी आठवडाभर तयारी केली. दाढी करून, टोपी घालून निघाले. रेडिओ त्यांच्या हातात, तारांचं भेंडोळं माझ्याकडे, आणि मागून काकू कमरेवर रांजण घेऊन. सभागृहात दोन खांबांच्या मधे तार ताणली, डबे लावले, रांजण मांडला. मग त्यांनी लोकांना सांगितलं की थोडा वेळ कुणी बोलू नका, फक्त ऐका. आणि वाटलंच तर समोरच्या बाकावर एकदा टिचकी मारा, म्हणजे तुम्हीही यात आलात.

खरखर सुरू झाली. लोक पहिल्यांदा समजूतदारपणे थांबले, कारण त्यांना वाटलं स्टेशन लागायचंय. मग खाकरणं सुरू झालं. मागून पोरांनी बाकं बडवली. पहिल्या रांगेतले एक वकील उठले, तारबाबूंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाबू, तुमची मशीन बिघडली," आणि त्यांनी स्वतःच काटा फिरवून सिनेमाची गाणी लावली. काय टाळ्या पडल्या. चिटणिसांच्या जिवात जीव आला. तारबाबू ताणलेल्या तारेवर हात ठेवून गाणं संपेपर्यंत तसेच उभे होते. मला त्या सगळ्या शिकल्यासवरल्या लोकांचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात क्वचितच कुणाचा आला असेल. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या खरखरीत खरखरच ऐकू आली होती.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना काकू मला म्हणाल्या, "मले तं तुरीच्या वावरात वारं सुटल्यावानी वाटलं. माह्या माहेरी अस्संच वाजे." मी म्हटलं, हे काकांना सांगा, त्यांना बरं वाटेल. त्या म्हणाल्या, त्याईनं मले कुठं इचारलं? जे कुणीतरी ऐकावं म्हणून हा माणूस झुरत होता, ते ऐकणारं माणूस रांजण कमरेवर घेऊन त्यांच्या मागून घरी आलं होतं. मी सांगायला गेले तर ते दुसरे कान लावून बसले होते, आणि नंतर राहूनच गेलं. अशी किती बोलणी घराघरात राहून जातात, याचा विचार करायला लागलं की मला अन्न गोड लागत नाही.

काकूंना लकवा झाला तो पुढल्या उन्हाळ्यात. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. डावा हात तेवढा थोडा हलत होता. दर्यापूरहून त्यांचा भाऊ येऊन गेला, डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, सेवा करा. तारबाबूंनी रेडिओ बंद केला, हेडफोन खुंटीला अडकवले आणि खाटेशेजारी स्टूल घेऊन बसले. मी दोन्ही वेळा त्यांच्या चुलीवर रांधायची, काकूंना पेज भरवायची आणि तारबाबूंचं ताट त्यांच्याजवळ ठेवून शाळेत पळायची.

चार-सहा दिवसांनी मी दुपारची आले, तर त्यांनी दारातच मला बोट वर करून थांबवलं. त्यांचे डोळे इतके चमकत होते की मला भीतीच वाटली.

"इकडं या. आवाज नका करू. तुमची काकू बोलून राह्यली."

काकूंचा डावा हात खाटेच्या लाकडी पाटीवर होता. एक बोट हळूहळू वर उठे आणि पडे. इतकं क्षीण की मला आधी दिसलंच नाही. तारबाबूंनी पाटीला कान लावला होता. ते म्हणाले, स्टेशनात आमचं घर यंत्राला लागून. जिंदगीभर तिनं ते कट्ट कडकट्ट आयकलं, आता तोंड गेलं म्हनून ते वर आलं. काकूंना अक्षरओळख नव्हती, आणि तारेची अक्षरं तर इंग्रजी. हे तारबाबूंना माहीत नव्हतं असं नाही. डॉक्टर म्हणाले, अशा रोग्यांच्या हाताला कधी कधी चाळा लागतो, त्यात अर्थ नसतो. मलाही तेच पटलं. तारबाबूंनी डॉक्टरांसमोर बोट वर केलं.

त्यानंतर ते खाटेजवळून हलेनात. तेही पाटीवर बोटाने टिचक्या मारून तिला विचारत. दुखतं का, पाणी हवं का, भावाला बोलवू का. मग कान लावून उत्तराची वाट बघत. ताट स्टुलावर तसंच पडून राही. मी रागावले, तर म्हणाले की निरोप चालू असताना यंत्र सोडून उठता येत नाही, तेवढ्यात काही निघून गेलं तर? काकू पडल्या पडल्या त्या ताटाकडे बघत असायच्या, मग त्यांच्याकडे बघायच्या, आणि बोट पुन्हा वाजायला लागायचं. दुपारी जास्त वाजायचं. तारबाबू म्हणायचे, दुपारी लाइन साफ असते.

पण निरोप जुळेना. तीच ती दोन अक्षरं येतात, शब्दच बनत नाही, असं ते रोज सांगत. नव्या शिकणाऱ्या पोराचं असंच होतं, अडखळलं की पहिल्यापासून सुरू करतं, येईल, येईल. काकूंच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. ते पुसत आणि म्हणत, सांगता येत नाई म्हनून रडते बिचारी. तारबाबूंचे गाल आत गेले, सदरा अंगावर लोंबायला लागला. एका संध्याकाळी मी ताट उचलायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मास्तरीनबाई," ते म्हणाले, "साऱ्या लाइनीचे हात मले वयखू येत होते. हा हात माह्या वयखीचा नाई."

काकू गेल्या त्या सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. तारबाबूंचा कान पाटीलाच होता. मी हात लावून हलवलं तरी ते उठेनात. शेवटी दोघातिघांनी धरून बाजूला केलं. दहाव्याला, तेराव्याला जो भेटेल त्याला ते एकच विचारत होते, तिले काय पायजे होतं? भावाला विचारलं, डॉक्टरांना विचारलं, भटजींना विचारलं. कुणी म्हणालं पाणी, कुणी म्हणालं रामनाम. ते ऐकून घेत आणि मान हलवत. दोन अक्षरांत रामनाम बसतं का, हे त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

अंगणातल्या तारा त्यांनी स्वतः उतरवल्या, डबे भंगारवाल्याला देऊन टाकले, रेडिओवर फडकं टाकलं. रांजणात शेजाऱ्यांनी पाणी भरायला सुरुवात केली. त्या महिन्यात माझी अमरावतीला बदली झाली आणि आम्ही ती खोली सोडली. वर्षभरात तेही गेल्याचं कुणाकडून तरी कळलं. कुठल्या आजाराने, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

पण आम्ही खोली सोडण्याआधीची एक सकाळ राहिली आहे. पाहुणे निघून गेले होते. मी त्यांच्या चुलीवर भाकरी-बेसन केलं आणि मागच्या दारात येऊन हाक मारली. तारबाबू नेहमीच्या जागी निंबाखाली पाठमोरे बसले होते, कानांवर काही नव्हतं. काका, जेवायला चला. ते वळले नाहीत. पुन्हा हाक मारली. मला शाळेला उशीर होत होता, चुलीच्या धुराने डोळे चुरचुरत होते, आणि हातात सराटा होता. इतकी वर्षं रोज ऐकलेलं, ते हातातून आपोआप आलं. मी सराटा चौकटीवर वाजवला. दोनदा पटकन, जरा थांबून एकदा.

ते ताडकन उभे राहिले.

"पुन्हा वाजवा," म्हणाले.

मी पुन्हा वाजवलं. आणि वाजवतानाच माझ्याही लक्षात आलं. तेच होतं. खाटेच्या पाटीवर अगदी संथ, अगदी हलकं, पण तेच. माझा हात खाली आला.

ते अंगण ओलांडून चौकटीपाशी आले. सराटा लागून लागून त्या लाकडाला एका जागी खड्डे पडले होते. रोज तिथून आत-बाहेर करणाऱ्या आम्हाला कुणाला ते दिसले नव्हते. तारबाबूंनी त्यात बोट घातलं.

"रोज वाजवे काय?"

"रोज. दोन्ही वेळा."

"काहून?"

"तुम्हाला जेवायला बोलवायला."

मला वाटलं आता हा माणूस खाली कोसळतो. तसं काही झालं नाही. त्यांनी हातपाय धुतले, आत आले, पाटावर बसले. मी ताट पुढे सरकवलं.

"आलो," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे. आतल्या खोलीत ती खाट भिंतीला उभी करून ठेवली होती, तिकडे बघून.

मग त्यांनी भाकरी मोडली.